समान मानधनाची मागणी कशी करावी: महिला खेळाडू, पालक आणि क्रीडा मंडळांसाठी मार्गदर्शन

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी बीसीसीआयने महिला आणि पुरुष क्रिकेटपटूंचे सामना मानधन समान करण्याचा निर्णय जाहीर केला. कसोटीसाठी १५ लाख, एकदिवसीय सामन्यासाठी ६ लाख आणि टी-ट्वेंटीसाठी ३ लाख रुपये हे पुरुषांचे दर त्या दिवसापासून महिलांनाही लागू झाले. तोवर मर्यादित षटकांच्या सामन्याला महिला खेळाडूच्या हाती १ लाख रुपये पडत होते, आणि त्याही आधी, २००५ च्या विश्वचषकात उपविजेत्या ठरलेल्या संघाला प्रत्येक सामन्यामागे १ हजार रुपये मिळाले, असे मिताली राज यांनी जाहीरपणे सांगितले आहे. हे पाऊल मोठे होते, यात वाद नाही. मात्र त्यानंतर ‘आता पुरुष आणि स्त्री खेळाडूंना सारखेच पैसे मिळतात’ अशी समजूत सर्वत्र पसरली आणि ती चुकीची आहे. समान झाला तो केवळ एक रकाना होता.

समान मानधनाची लढाई जिथे यशस्वी झाली, तिथे ती रकान्यारकान्याने लढली गेली आहे, आणि जिथे ती मोघम राहिली तिथे हातचे यशही निसटले आहे. पुढील मार्गदर्शन याच अनुभवावर आधारलेले आहे. ते राष्ट्रीय संघातील मोजक्या खेळाडूंसाठी नाही, तर जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुली, त्यांचे पालक व प्रशिक्षक आणि गावोगावी चषक स्पर्धा भरवणारी मंडळे यांच्यासाठी आहे. उदाहरणे मात्र मोठ्या खेळांतली घेतली आहेत, कारण तिथले करार, निकाल आणि आकडे जाहीर असल्यामुळे काय साधले आणि काय फसले हे स्पष्ट दिसते.

पैशाचे रकाने आधी वेगळे करावेत

‘आम्हाला पुरुषांइतके पैसे द्या’ एवढेच म्हटले की समोरचा पदाधिकारी आपल्या सोयीचा रकाना पुढे करतो आणि बाकीचे झाकून ठेवतो. म्हणून मागणीचा पहिला शब्द लिहिण्याआधी एक तक्ता तयार करावा. सामना मानधन, वार्षिक कराराची रक्कम, बक्षिसाची रक्कम, लीगमधील करार, जाहिराती व प्रायोजकांकडून येणारा वाटा, प्रवास, निवास आणि आहाराचा भत्ता, असे प्रत्येक रकान्याला वेगळे स्थान द्यावे. त्याच्या शेजारी पैशात न दिसणाऱ्या, पण पैशाइतक्याच किमतीच्या गोष्टी लिहाव्यात: सरावासाठी मैदान कोणत्या वेळी मिळते, फिजिओ सोबत असतो का, अंतिम सामना भर दुपारी ठेवला जातो की प्रेक्षक येतात त्या संध्याकाळी. आणि सर्वांत शेवटी, पण विसरू नये असा रकाना म्हणजे वर्षभरात मिळणाऱ्या सामन्यांची संख्या.

असा तक्ता मांडल्यावर चित्र कसे बदलते ते क्रिकेटमध्येच पाहू. २०२४-२५ च्या वार्षिक करारांत महिलांच्या अ श्रेणीची रक्कम ५० लाख रुपये होती, तर पुरुषांच्या अ श्रेणीची ५ कोटी. समजा, दोन्ही संघांतील अ श्रेणीच्या एकेका खेळाडूने वर्षात १२ एकदिवसीय आणि १० टी-ट्वेंटी सामने खेळले. सामना मानधन दोघांनाही सारखेच, म्हणजे १ कोटी २ लाख रुपये मिळेल. मात्र वार्षिक करार मिळवला की तिची बेरीज १ कोटी ५२ लाख होते आणि त्याची ६ कोटी २ लाख. सामन्यांची संख्या समान धरूनही तिला त्याच्या जवळपास चौथा हिस्साच मिळतो. प्रत्यक्षात सामन्यांची संख्याही समान नसते. कसोटीचे १५ लाख रुपये महिलांना लागू झाल्यानंतर त्यांच्या वाट्याला पहिली कसोटी आली ती डिसेंबर २०२३ मध्ये, नवी मुंबईत इंग्लंडविरुद्ध. म्हणजे वर्षाहून अधिक काळ हा समान दर केवळ कागदावर होता.

एक पायरी खाली उतरले तर आणखी एक रकाना दिसतो. देशांतर्गत सामन्यांसाठी २०२१ मध्ये जे दर ठरले, त्यांत रणजी खेळणाऱ्या पुरुषाला त्याच्या अनुभवानुसार दिवसाला ४० ते ६० हजार रुपये होते आणि वरिष्ठ महिला खेळाडूला २० हजार. भारतीय संघात समान मानधन आल्यानंतरही हे २० हजार तसेच राहिले. महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर एकदिवसीय विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर, डिसेंबरमध्ये, हा दर ५० हजारांवर गेला. ज्या मुली भारतीय संघाच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांचे घर याच रकान्यावर चालते, त्यामुळे माझ्या मते वरच्या घोषणेपेक्षा हा रकाना अधिक मोलाचा आहे.

‘समान’ हा शब्द कोणत्या रकान्याला लावला आहे, हे प्रत्येक वेळी विचारावे. इंग्लंडमधील ‘द हंड्रेड’ ही स्पर्धा २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा बक्षिसाची रक्कम दोन्ही गटांना समान असल्याचा मोठा गाजावाजा झाला आणि ते खरेही होते. परंतु त्याच वर्षी पुरुष खेळाडूचा सर्वोच्च करार १ लाख पौंडांचा होता आणि महिला खेळाडूचा १५ हजार पौंडांचा.

आकडे कुठून मिळवावेत

भावनेच्या भरात केलेल्या मागणीला सहानुभूती मिळते, आकड्यांसह केलेल्या मागणीला उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्रातील बहुतेक क्रीडा मंडळे आणि जिल्हा संघटना सार्वजनिक न्यास किंवा संस्था म्हणून नोंदलेल्या असतात. न्यास म्हणून नोंदलेल्या संघटनेचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर होतात आणि रीतसर अर्ज करून त्यांच्या प्रती मागता येतात. महापालिका, नगरपरिषद किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय यांनी स्पर्धेला अनुदान दिले असेल, तर माहितीच्या अधिकारात अनुदानाचा आदेश आणि खर्चाचा तपशील मागावा. अर्जात ‘महिला खेळाडूंवर अन्याय का होतो’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याला उत्तर देणे बंधनकारक नसते. ‘मागील तीन वर्षांत पुरुष आणि महिला गटांच्या बक्षिसांवर झालेला खर्च वर्षनिहाय द्यावा’ असे नेमके लिहावे.

याखेरीज मागील तीन-चार वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका, फलकांची छायाचित्रे, बक्षिसाच्या धनादेशांच्या प्रती आणि प्रवासभत्त्याच्या पावत्या खेळाडूंकडून गोळा कराव्यात. रक्कम केव्हा मिळाली तेही लिहून ठेवावे. मार्च २०२० मध्ये भारतीय महिला संघ टी-ट्वेंटी विश्वचषकात उपविजेता ठरला, पण बक्षिसातील वाटा मे २०२१ पर्यंत खेळाडूंच्या हाती पडला नव्हता, हे वृत्तपत्रांत बातमी आल्यावर लोकांना कळले. जाहीर झालेली रक्कम आणि हाती आलेली रक्कम यांच्या तारखा शेजारी मांडल्या की पुष्कळ गोष्टी आपोआप उघड होतात.

सुरुवात कोणत्या रकान्यापासून करावी

सगळे रकाने एकाच वेळी हाती घेतले तर चर्चा लांबते आणि थकवते. माझा सल्ला असा की बक्षिसाच्या रकमेपासून सुरुवात करावी. ती आयोजकाच्या हातात असते, फलकावर छापलेली असते, आणि दोन आकडे शेजारीशेजारी दिसत असल्यामुळे तिच्यातील तफावतीचे समर्थन करणे सर्वांत अवघड असते. टेनिसमध्ये हेच झाले. १९७२ मध्ये अमेरिकन ओपन जिंकल्याबद्दल बिली जीन किंग यांना १० हजार डॉलर मिळाले आणि पुरुष विजेते इली नस्तासे यांना २५ हजार. पुढच्या वर्षी असेच राहिले तर महिला खेळाडू येणार नाहीत, असे किंग यांनी आयोजकांना स्पष्ट सांगितले. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी फरकाची रक्कम भरून देणारा प्रायोजकही शोधून दिला. १९७३ मध्ये मार्गारेट कोर्ट आणि जॉन न्यूकॉम्ब या दोन्ही विजेत्यांना २५ हजार डॉलर मिळाले. मागणीसोबत पैशाची वाटही दाखवणे ही गोष्ट आपल्याकडच्या तालुका पातळीवरच्या स्पर्धेतही तितकीच उपयोगी पडते.

आपल्या दाराशीही दाखले आहेत. टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये आंतरराष्ट्रीय एलिट गटातील पुरुष आणि महिला विजेत्यांची बक्षिसे समान असतात. क्रिकेटच्या जागतिक स्पर्धांसाठी आयसीसीने समान बक्षिसांचा निर्णय जुलै २०२३ मध्ये डरबनच्या बैठकीत घेतला, आणि २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या विजेत्यांसाठी ठेवलेली ४४.८ लाख डॉलरची रक्कम २०२३ च्या पुरुष विश्वचषकाच्या ४० लाखांपेक्षाही जास्त होती. अशा उदाहरणांचा उल्लेख मागणीपत्रात अवश्य करावा, कारण ‘असे कुठेच नसते’ हे उत्तर त्यामुळे आधीच बाद होते.

लीगच्या बाबतीत मात्र प्रामाणिक राहावे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आणि महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना. एवढी तफावत असताना दोन्हीकडे समान करार रक्कम मागितली, तर मागणी पहिल्याच बैठकीत कोसळेल. तिथे मागायची गोष्ट वेगळी आहे: लीगच्या उत्पन्नातील किती टक्के वाटा खेळाडूंना मिळतो, आणि तो पुरुषांच्या लीगइतका आहे का? अमेरिकेतील महिला बास्केटबॉल लीगच्या खेळाडूंनी जुलै २०२५ मध्ये ऑल-स्टार सामन्याच्या वेळी ‘आमचे देणे आम्हाला द्या’ अशा अर्थाचा मजकूर असलेले टी-शर्ट घातले, तेव्हा त्यांची मागणी एनबीएच्या पुरुषांएवढ्या पगाराची नव्हती. लीगचे उत्पन्न वाढत असताना त्यातला खेळाडूंचा वाटाही त्या प्रमाणात वाढावा, एवढीच ती होती. उत्पन्न वाढेल तसा वाटा वाढणारा करार मिळाला, तर आजचा लहान आकडाही उद्या मोठा होतो.

एकटीने बोलू नये

मागणी करणाऱ्या एका खेळाडूला संघातून वगळणे सोपे असते. सर्वांना वगळता येत नाही. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५०० डॉलर ठेवले गेले, तेव्हा नऊ टेनिसपटूंनी ती स्पर्धा सोडली आणि २३ सप्टेंबर रोजी ह्यूस्टन येथे प्रत्येकी एका डॉलरचा करार करून आपली वेगळी स्पर्धा उभी केली. त्यांच्यावर बंदीची टांगती तलवार होती. त्यातूनच १९७३ मध्ये महिला टेनिस संघटना जन्माला आली.

भारतातील एक उदाहरण एकट्या खेळाडूचे आहे, म्हणून ते नीट समजून घ्यावे. स्क्वॉशपटू दीपिका पल्लीकल यांनी बक्षिसातील तफावतीमुळे २०१२ ते २०१५ अशी चार वर्षे राष्ट्रीय स्पर्धा खेळण्यास नकार दिला. २०१६ मध्ये रक्कम समान झाली, त्या परतल्या आणि विजेत्या ठरल्या. पण त्या तेव्हा देशातील अव्वल खेळाडूंपैकी एक होत्या, परदेशातील व्यावसायिक स्पर्धांत खेळत होत्या, आणि राष्ट्रीय स्पर्धा सोडल्याने त्यांची कारकीर्द थांबणार नव्हती. शासकीय नोकरीतील खेळाडू आरक्षणासाठी ज्या मुलीला राज्य स्पर्धेचे प्रमाणपत्र हवे आहे, तिला असा बहिष्कार परवडणारा नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा करणे हाही अन्यायच होईल. अशा ठिकाणी सर्व संघांच्या कर्णधारांनी मिळून सही केलेले पत्र हाच सुरक्षित मार्ग आहे. सह्या एकाखाली एक न घेता वर्तुळाकार घेतल्या, तर पहिली सही कोणाची हा प्रश्नही उरत नाही. शालेय मुलींच्या बाबतीत पत्रावर पालकांनी सही करावी.

पुरुष खेळाडूंना सोबत घेणे याला मी फार महत्त्व देते. नॉर्वेमध्ये २०१७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल संघांचे मानधन समान झाले, ते पुरुष खेळाडूंनी व्यावसायिक उत्पन्नातील आपले ५ लाख ५० हजार क्रोनर महिला संघासाठी सोडल्यामुळे. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात क्रिकेट मंडळ आणि खेळाडू संघटना यांच्यातील करार जवळपास महिनाभर रखडला. पुरुष खेळाडूंनी स्वतंत्रपणे वाढीव रक्कम घेऊन बाजूला होण्याचे नाकारले, आणि अखेर महिलांचा समावेश असलेला एकच करार झाला, ज्यात महिलांसाठीची एकूण तरतूद ७५ लाखांवरून साडेपाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात गेली. आपल्याकडे क्रिकेटपटूंची जी अधिकृत संघटना २०१९ मध्ये स्थापन झाली, तिचे सदस्यत्व निवृत्त खेळाडूंपुरते आहे. सध्या खेळत असलेल्यांना, मग ते पुरुष असोत वा महिला, एकत्र बोलण्याची जागाच नाही आणि ही उणीव भरून निघणे अत्यंत आवश्यक आहे. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ या कायद्याने राष्ट्रीय महासंघांना खेळाडू समिती नेमणे बंधनकारक केले आहे. आपल्या खेळाच्या महासंघात ती नेमली गेली का आणि तिच्यात महिला कोण आहेत, याची चौकशी करून आपले पत्र तिच्याकडेही पाठवावे.

ठरावीक आक्षेपांना काय उत्तर द्यावे

‘महिलांच्या सामन्यांना प्रेक्षक येत नाहीत’ हा आक्षेप सर्वांत आधी येतो. याचे पहिले उत्तर असे की देशासाठी किंवा जिल्ह्यासाठी खेळताना मिळणारे मानधन तिकीटविक्रीवर ठरत नाही. रिकाम्या स्टेडियममध्ये कसोटी खेळणाऱ्या पुरुष खेळाडूचे १५ लाख कोणी कापत नाही. दुसरे उत्तर इतिहासात आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर महिलांचा फुटबॉल सामना पाहायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. वर्षभराच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी घातली आणि ती जवळपास पन्नास वर्षे टिकली. प्रेक्षक नव्हते म्हणून महिलांचा खेळ मागे पडला असे नसून, प्रेक्षक असताना त्यांची मैदाने काढून घेतली गेली. आपल्याकडे कबड्डीतही असा विचार करावा. प्रो कबड्डीसोबत २०१६ मध्ये महिलांची तीन संघांची स्पर्धा घेण्यात आली. फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स हे ते संघ, आणि आइस दिवाजचे नेतृत्व मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे यांच्याकडे होते. पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. एका हंगामात प्रेक्षकवर्ग तयार होत नाही, आणि एवढ्यावरून महिलांच्या कबड्डीला मागणी नाही असा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

‘महिला कमी वेळ खेळतात’ हा आक्षेप टेनिसमध्ये तीन आणि पाच सेटवरून घेतला जातो. मोबदला तासावर असता, तर सरळ तीन सेटमध्ये जिंकणाऱ्या पुरुषाला पाच सेट खेळणाऱ्यापेक्षा कमी बक्षीस मिळाले असते. तसे होत नाही. विंबल्डनने हा आग्रह बराच काळ धरला. २००६ मध्ये पुरुष विजेत्याला ६ लाख ५५ हजार पौंड आणि महिला विजेतीला ६ लाख २५ हजार होते. त्याच वर्षी व्हीनस विल्यम्स यांनी वृत्तपत्रात लेख लिहून हा प्रश्न मांडला. फरक केवळ ३० हजार पौंडांचा उरला होता, म्हणजे अडचण पैशाची नव्हतीच. २००७ पासून तिथे रक्कम समान आहे.

‘पुरुषांच्या खेळात ताकद आणि कौशल्य अधिक लागते’ असे कोणी म्हटले, तर ते लेखी द्यायला सांगावे. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाच्या वकिलांनी २०२० मध्ये न्यायालयात असाच युक्तिवाद लेखी केला, त्यावर देशभर संताप उसळला आणि महासंघाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला.

‘आमच्याकडे पैसेच नाहीत’ या आक्षेपाचे उत्तर मुंबईतील एका खटल्यात आहे. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीतील स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा यांनी पुरुष स्टेनोग्राफरांइतक्या पगारासाठी दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८७ च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि मालकाची आर्थिक अडचण हे स्त्रियांना कमी पगार देण्याचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. खेळाडू आणि मंडळ यांचे नाते नेहमीच मालक-कर्मचाऱ्याचे नसते, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असे नाही. तरी पैसे कमी असतील तर ते दोघांसाठीही कमी असले पाहिजेत, हा त्यातला न्याय कोणत्याही मंडळासमोर मांडता येतो.

कायद्याचा आधार कितपत घ्यावा, याविषयी थोडक्यात सांगायचे तर, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन हे मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि १९७६ च्या समान वेतन कायद्याची जागा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेने घेतली आहे. ज्या खेळाडू एखाद्या कंपनीत किंवा क्लबमध्ये पगारी कर्मचारी आहेत, त्यांनी तिचा आधार घ्यावा. केवळ बक्षिसासाठी खेळणाऱ्यांनी न्यायालयाची वाट धरण्याआधी वकिलाशी बोलावे.

मान्य झालेले लेखी घ्यावे, आणि नीट वाचून घ्यावे

अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाची लढाई या बाबतीत सर्वाधिक शिकवणारी आहे. २०१६ मध्ये पाच खेळाडूंनी समान संधी आयोगाकडे तक्रार केली. ८ मार्च २०१९ रोजी २८ खेळाडूंनी महासंघावर दावा दाखल केला, आणि त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये त्यांनी विश्वचषक जिंकला तेव्हा स्टेडियममध्ये ‘इक्वल पे’चा घोष झाला. तरीही मे २०२० मध्ये न्यायालयाने वेतनाविषयीचा त्यांचा दावा फेटाळला. कारण असे की दाव्यातील काळात महिलांना मिळालेली एकूण रक्कम आणि प्रतिसामना सरासरी, दोन्ही पुरुषांपेक्षा जास्त निघाली. शिवाय पुरुषांसारखा केवळ सामन्यागणिक मोबदल्याचा करार त्यांनी स्वतःच नाकारून हमखास पगाराचा करार स्वीकारला होता. त्या अधिक सामने खेळल्या होत्या आणि जगज्जेत्या होत्या, म्हणून त्यांची बेरीज मोठी होती. एका विजयामागे मिळणारा दर पुरुषांचाच मोठा होता. दर आणि बेरीज यांतील हा फरक करार करतानाच लेखी स्पष्ट असता, तर तो त्यांच्याविरुद्ध वापरता आला नसता.

लढा मात्र थांबला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली आणि मे महिन्यात दोन्ही संघांशी २०२८ पर्यंतचे समान अटींचे करार जाहीर झाले. यातील सर्वांत विचारपूर्वक केलेली तरतूद विश्वचषकाच्या बक्षिसांची आहे. फिफाने २०२२ च्या पुरुष विश्वचषकासाठी ४४ कोटी डॉलर ठेवले होते आणि २०२३ च्या महिला विश्वचषकासाठी ११ कोटी. फिफाचा आकडा बदलणे अमेरिकी महासंघाच्या हाती नव्हते. म्हणून दोन्ही संघांना मिळणारी रक्कम एकत्र करून, महासंघाचा हिस्सा वगळता, दोन्हीकडच्या खेळाडूंत समान वाटायची असे ठरले. वरून येणारा पैसा असमान असला, तरी खाली वाटप समान करता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

आपल्या करारात किंवा ठरावात कोणता रकाना समान झाला, दर सामन्यागणिक आहे की वर्षाचा, रक्कम किती दिवसांत आणि कोणाच्या बँक खात्यात जमा होईल, दुखापत किंवा बाळंतपणाच्या काळात काय मिळेल, आणि हा निर्णय किती वर्षांसाठी आहे, हे सर्व यायला हवे. शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नये. ऑस्ट्रेलियन ओपनने १९८४ मध्ये समान बक्षिसे सुरू केली आणि १९९६ मध्ये ती पुन्हा असमान केली. समानता परत यायला २००१ उजाडले.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी काय करावे

समजा, एका कबड्डी स्पर्धेच्या फलकावर पुरुषांसाठी १ लाख, ५० हजार आणि २५ हजार, तर महिलांसाठी ५१ हजार, २५ हजार आणि ११ हजार रुपये छापले आहेत. बारा खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक अशा चौदा जणींनी ११ हजार रुपये वाटून घेतले, तर एकीच्या वाट्याला जेमतेम ७८५ रुपये येतात. टेम्पोचे भाडे त्यातून सुटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी लांबचे महिला संघ येत नाहीत, आणि मग मंडळ म्हणते की महिला गटात संघच कमी असतात. या फलकावरील एकूण रक्कम २ लाख ६२ हजार आहे. तेवढ्यातच दोन्ही गटांना ७५ हजार, ३६ हजार आणि २० हजार अशी समान बक्षिसे देता येतात, आणि मंडळाला एक रुपयाही जास्त लागत नाही. पुरुषांचे पहिले बक्षीस कमी होणे ज्यांना पटत नाही, त्यांनी वाढीव वर्गणी महिला गटासाठी मिळवावी. प्रायोजकाशी बोलताना दोन गटांचे वेगवेगळे प्रायोजक न शोधता संपूर्ण स्पर्धेचा एकच करार करावा. उत्कृष्ट चढाईपटू आणि उत्कृष्ट पकडपटू यांची बक्षिसेही समान ठेवावीत. पुरुषांना दुचाकी आणि महिलांना भांड्यांचा संच असे तर मुळीच करू नये. दोन्ही अंतिम सामने एकाच संध्याकाळी, एकाच मैदानावर, प्रकाशझोतात घ्यावेत.

कुस्तीतही हाच आग्रह धरायला हवा. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. मुलींना गदा मिळू लागली आहे; पुरुष विजेत्याला मिळणारी गाडी आणि रोख रक्कम यांचा रकानाही आता समान व्हायला हवा.

मागणीपत्राचा नमुना

पत्र एका पानापेक्षा मोठे नसावे. मजकूर साधारण असा ठेवावा:

‘आपल्या मंडळाच्या मागील तीन वर्षांच्या स्पर्धांत पुरुष आणि महिला गटांना दिलेल्या बक्षिसांचा आणि भत्त्यांचा तक्ता सोबत जोडला आहे. यंदाच्या स्पर्धेपासून दोन्ही गटांतील प्रत्येक क्रमांकाचे बक्षीस समान ठेवावे, ही रक्कम स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांच्या आत खेळाडूंच्या बँक खात्यांत जमा करावी, आणि तसा ठराव पुढील पाच वर्षांसाठी कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवावा, अशी आमची विनंती आहे. उपलब्ध रकमेत हे कसे बसवता येईल, याचा एक प्रस्तावही सोबत दिला आहे. याविषयी चर्चेसाठी आमच्या तीन प्रतिनिधींना वेळ द्यावी.’

हे पत्र स्पर्धेच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे फलक छापायला जाण्यापूर्वी आणि प्रायोजकांशी बोलणी सुरू असताना द्यावे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. एक प्रत जिल्हा संघटनेला आणि एक मुख्य प्रायोजकाला पाठवावी. बैठकीला तिघींनी मिळूनच जावे, बोलणे झाल्यावर त्याच दिवशी झालेल्या चर्चेचा सारांश मंडळाला लेखी कळवावा, आणि ठराव झाल्यास इतिवृत्ताच्या त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्यावी.